तपासणीत पास होणारा अण्णा

मी आठवीच्या वर्गावर असताना वहिनीचा फोन आला. "ताई, हे मागापाशीच पडले. लवकर या," एवढंच बोलली. शाळेतून तशीच रिक्षा करून इस्पितळात पोचले, तोवर माझा थोरला भाऊ गेलेला होता. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती... याला आता दोन महिने होतील.

सिद्रामअण्णा चादरीच्या कारखान्यात मागावर होता. मागाच्या खडखडाटात हयात गेल्यामुळे घरीही ओरडूनच बोलायचा; साखर मागितली तरी शेजाऱ्यांना भांडण चाललंय असं वाटे. रस्त्यात कुणाच्या दोरीवर चादर दिसली, की हा थांबून तिची किनार चाचपणार. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण विणकरीचा तोरा त्याला शोभायचाही.

कारखान्यात वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. एका वर्षी एका कामगाराचं बीपी वाढलेलं निघालं, आणि त्याला मागावरून काढून टॉवेलच्या घड्या घालायला बसवलं. मालकाचा हेतू चांगला असेलही. पण तेव्हापासून सगळ्या खात्यानं तपासणीची परीक्षाच करून टाकली. अण्णाला बीपी होतं, डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या होत्या. हा पठ्ठ्या त्या घ्यायचा फक्त गाडी यायच्या आधी पंधरवडाभर! तेवढे दिवस तंबाखू बंद, शेंगाचटणी बंद, चहाही अर्धाच. ज्यांच्याकडे गोळ्या नसत ते अण्णाकडून नेत. मग तपासणी झाली की हा भजी घेऊन माझ्या दारात हजर. "पास झालो गं!"

मी मास्तरीण, मला असली कॉपी कशी खपणार? "डॉक्टरला फसवून तुला मिळतं काय रे अण्णा?"

"माग मिळतोय की," तो म्हणाला, आणि भजी पुढं सरकवली.

इस्पितळातल्या डॉक्टरनं वहिनीला विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू होत्या ना?" ती रडता रडता म्हणाली, "तपासणी झाली की बंद करत्यात की." डॉक्टरनं चमकून मान वर केली. वहिनीला मात्र आपण काही विचित्र बोललो असं वाटलंच नव्हतं. त्या घरात वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं. मला अण्णाचा राग येतो, अजून येतो, आणि भांडायला तो समोर नाही म्हणून रडू येतं.

परवा वहिनीकडे गेले होते. अण्णाच्या शेजारच्या मागावरचा श्रीनिवास भेटायला आला. बसला, डोळे पुसले. उठताना दारात घुटमळला.

"वहिनी... अण्णाच्या त्या गोळ्या उरल्यात का? पुढच्या आठवड्यात गाडी येणार हाय."

मी काही बोलणार तोच वहिनी म्हणाली, "हायत. पण देणार न्हाय. असंच जावा तपासणीला, भाऊजी. काय निघायचं ते निघू दे."

"मागावरनं काढतील की वो."

"काढू दे," ती म्हणाली. "सांजच्याला घरला तर याल."

श्रीनिवास चपला पायात अडकवून जिना उतरून गेला. वहिनी कितीतरी वेळ दारातच उभी होती.