तांड्याच्या जमनाबाईची लाल दवा

जमनाबाईने गावच्या विहिरीत बकऱ्याचं रक्त ओतलं, ही आवई पार कळमनुरीच्या बाजारापर्यंत पोचली. लाल पाणी तर आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. पण बकरं कापलं असतं तर वास आधी माझ्या घरी आला असता. लमाणांचा तांडा आणि माझं घर यांच्यात फक्त बाभळीचं कुंपण. ते रक्त नव्हतं. तालुक्याहून आलेल्या डागदराची दवा होती.

निजामाच्या अमदानीतला तो उन्हाळा. गावात पटकी शिरलेली. डागदर म्हणाला, रोग विहिरीच्या पाण्यात आहे. दवा पोहऱ्यात कालवून खाली सोडा. पण पोहऱ्याला हात लावायला एक मर्द पुढे येईना. प्यायच्या पाण्यात असलं काही कालवायचं पाप कोण घेणार? तांड्याच्या बायकांना त्या विहिरीवर चढायची बंदी. त्या कयाधू नदीच्या वाळूत झिरा उकरून पाणी आणायच्या. जमनाबाई पदर खोचून पुढे झाली आणि किसनराव पाटलाला म्हणाली, "मी टाकते. पर रोग हटला तं आमच्या बाया हितंच पाणी भरतीन."

"भरा," अडलेला पाटील म्हणाला.

रोग खरोखर ओसरला. पाण्याची लाली गेली. तांड्यावर बायकांनी घागरी घासायला काढल्या. तेवढ्यात पाटलीण शालूबाई डोक्यावर मातीची घागर घेऊन वाजतगाजत विहिरीवर आली. दवा टाकायच्या आधी भरून देवघरात झाकून ठेवलेलं पाणी! तांड्याच्या हाताने विहीर बाटली ना, मग बाटायच्या आधीच्या पाण्याने ती शुद्ध करायची.

जमनाबाई धावत आली. "वतू नका, बाई! जुन्या पाण्यात रोगाचे जंतू जित्ते असतीन. डागदर म्हणला, एकबी उरला तं मधोमध फाटून दोन होतो. दोनाचे चार, चाराचे आठ. दिवस मावळंस्तोर समदी इहीर भरती."

"नवरा न्हाई, बायकू न्हाई, आन् लेकरं होऊन राहिली?" शालूबाई म्हणाली. "सुईण कोण जाती गं बाळंतपणाला? तूच का?"

आम्ही पोट धरून हसलो. "जमनाबाई, बारशाला बोलव," असा एक टोला मीही हाणला. घागर पालथी झाली, वर हळदकुंकू वाहिलं.

पटकी परत आली, आणि पाटलाच्याच घरून सुरू झाली. शालूबाईची थोरली लेक दोन लेकरं मागे ठेवून गेली. मग बाकीची घरं. आणि आमचं शहाणं गाव काय म्हणालं? तांड्याचा हात भोवला. किसनरावाने शब्द फिरवला. घासलेल्या घागरी घेऊन बाया पुन्हा वाळू उकरू लागल्या. तांड्यावर मात्र एकही माणूस दगावलं नाही. त्याचाही राग गावाने जमनाबाईवरच काढला.

डागदर पुन्हा दवा घेऊन आला. पुन्हा तेच, पोहऱ्याला हात लावायला कुणी तयार नाही. शेवटी पाटील स्वतः तांड्यावर गेला. मी कुंपणाला कान लावून उभा. ते माझं नेहमीचं काम.

"चल जमनाबाई, दवा टाकायची हाय. या खेपेला पाणीबी भरा, आमची ना न्हाई."

जमनाबाई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. म्हणाली, "दवा टाकते, पाटील. पर आदी तुमच्या घरातली एकूण एक घागर माझ्या डोळ्यांदेखत पालथी करा. आन् पाण्याचं म्हणाल, तं तुमच्या इहिरीचं पाणी आमच्या तांड्याला चालत न्हाई."