जातो नाही, येतो

दोन हजार सहा साल. मी अडुसष्ट वर्षांचा. कापसाची शेती सोडून परतवाड्याच्या स्टँडवर संत्री विकत होतो. एक गोरी म्हातारी आली. बोलली थेट आमच्यासारखी वऱ्हाडी. जन्म इथलाच म्हणे, मायबाप मिशनरी, दोघंही इथल्याच कबरस्तानात. संत्र्याची साल हुंगून तिनं पिशवीत ठेवली.

बस लागली तशी म्हणाली, "जातो, भाऊ."

मी तिची पिशवी धरली. "जातो नाही, बाई. येतो म्हणा."

"पाद्र्याची पोर मी, खोटं काहून बोलू? या वयात आता पुन्हा येणं होत नाही. कबरीवरचं गवत पाहून जीव तुटते."

"गवताचं मी पाहतो. येतो म्हटल्याबिगर पिशवी सोडत नाही."

ती हसली. "येतो, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन कबरस्तानात गेलो.