सेकंदाला अठ्ठावीस

फळ्यावर मी उत्तर लिहिलं, सेकंदाला अठ्ठावीस, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

सर टेबलाला टेकून बघत होते. मग वर्गाकडं तोंड करून म्हणाले, "अठ्ठावीस काय? शेळ्या?"

वर्गात हशा उसळला.

"पाचशे मेगावॅटची भट्टी आणि सेकंदाला अठ्ठावीस अभिक्रिया! काठीनं हाकून मोजल्यास काय गं?"

आणि मीही हसले. हे लिहितानाही कानशिलं तापतात. हातात खडू, पाठ फळ्याला, आणि मी त्यांच्याबरोबर दात काढत होते.

गणित साधं होतं. संलयनाच्या अणुभट्टीत ड्युटेरियम आणि ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचेच दोन जड प्रकार, एकमेकांत मिसळतात. दर वेळी १७.६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. भट्टी सेकंदाला जेवढी ऊर्जा देते तिला एका अभिक्रियेच्या ऊर्जेनं भागायचं, की अभिक्रियांचा दर मिळतो. मी वरचा मेगा आणि खालचा मेगा उडवला, पाचशेला १७.६ नं भागलं आणि मोकळी झाले. इलेक्ट्रॉनव्होल्टचं ज्यूल करायचं राहिलं. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट ज्यूलच्या मानानं इतका बारीक, की खरं उत्तर एकावर वीस शून्यं, आणि त्याच्या पावणेदोन पट. चूक माझी होती. ढोबळ होती.

पण तिच्यात शेळ्या कुठून आल्या?

त्या माझ्याच तोंडून आल्या होत्या. एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला ओळख करून देताना मी सांगितलं होतं, सोनारीच्या बाजूला आमची वस्ती आहे, घरी मेंढरं आहेत. मेंढरं म्हणाले होते मी. सरांनी त्यांच्या शेळ्या केल्या. तेवढा फरक ध्यानात ठेवायची त्यांना गरज नव्हती.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. "ए अठ्ठावीस, वही दे." "अठ्ठावीस आली का?" प्रयोगशाळेत कुणी तरी हळूच बें करायचं. मी ओ द्यायचे. चांगल्या स्वभावाची पोरगी म्हणून मला सगळे बरं म्हणायचे. मनावर घेत नाही म्हणायचे. मी सोनारी सोडून नुसतं तालुक्याचं नाव, "परांड्याकडची", सांगायला लागले. घरून आणलेलं घोंगडं हॉस्टेलच्या खाटेखाली सारलं आणि थंडीत पातळ चादरीवर कुडकुडत झोपले. माझी मलाच किळस यावी असं सगळं, आणि तेव्हा ते शहाणपण वाटत होतं.

पुढच्या चाचणीत तसंच गणित आलं. माझं बरोबर आलं. कॉलेजच्या गावच्याच एका बागायतदाराच्या मुलाचं चुकलं. त्याचे वडील कॉलेजच्या संचालक मंडळावर. त्यानंही ज्यूल केले नव्हते. उत्तर दोन आकडी.

सर त्याच्या बाकाशी वाकले. "रूपांतर राहिलं बघ बाळा. घाईत होतं असं."

कुणी हसलं नाही. त्याला कुणी उसाच्या मोळ्या मोजल्यास काय म्हणून विचारलं नाही. तोवर मी समजत होते, सगळे हसले ते मी चुकले म्हणून.

दिवाळीला घरी गेले. गंमत म्हणून आयला सगळं सांगितलं, सरांची नक्कल करून. ती मेंढराच्या खुरातला काटा काढत होती. हसली न्हाय.

"अठ्ठावीस म्हंजी येक ईस आन् आठ," ती म्हणाली. "त्यात हसायसारखं काय हाय?"

"अगं, गणित चुकलं होतं माझं."

"चुकलं तर नीट करावं. ते हसले, त्येंचं त्येंच्यापाशी. पर तू बी हसलीस व्हय?"

तिनं दुसरा खूर हातात घेतला. वर्गात हसले तेव्हा मी तिला हसले होते, बापाला, अण्णांना हसले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सत्राच्या शेवटी सेमिनार होता. त्याच्या गुणांशिवाय सत्र पास होत नाही, आणि गुण सरांच्या हातात. मी विषय तोच घेतला, भट्टीच्या शक्तीवरून अभिक्रियांचा दर. बाहेरून एक परीक्षक आले होते. सरांनी हसत हसत माझी ओळख करून दिली.

"या आमच्या अठ्ठावीस शेळ्या."

हशा झाला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, मी कधी हसते म्हणून.

मी खडू खाली ठेवला. "सर, माझं नाव घ्या. मग सुरू करते."

"अगं, गंमत केली. चल, पाहुणे थांबलेत."

"चूक माझी होती, ती मी दुरुस्त केली. मेंढरं ही चूक नव्हे. नाव घ्या."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. सरांचा चेहरा उतरला नाही, नुसता कडक झाला.

"मग बस खाली. सेमिनार दिला नाही असं लिहितो."

"लिहा," मी म्हणाले आणि बसले.

सत्र गेलं. मैत्रिणी म्हणाल्या, एका शब्दासाठी सत्र घालवतेस. विभागातून निरोप आला, माफीचा अर्ज दे, पुन्हा संधी देऊ. हॉस्टेलचं बाथरूम आतून लावून मी पोटभर रडले. लाज गेलेली नाही. अठ्ठावीस लिहिल्याची ती कधीच नव्हती. मी हसल्याची आहे, आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं.

अर्ज मी लिहिणार नाही. कॉलेज सोडणार नाही. पुढच्या सत्रात याच सरांसमोर, याच विषयावर उभी राहीन. एका अभिक्रियेच्या ऊर्जेपासून सुरू करून शेवटच्या शून्यापर्यंत सगळं मांडीन. पण आधी त्यांनी नाव घ्यायचं, बापाच्या नावासकट. तोवर खडूला हात लावणार नाही.