बिजलीने खाल्लेलं सोनं

आमच्या लग्नाचा मुहूर्त पंचांगातून निघाला नाही. तो एका घोडीच्या पोटातून निघाला.

घोडी आप्पाकाकांची. वडील गेले तेव्हा आप्पाकाका फौजेच्या घोडेखात्यातली नोकरी सोडून आम्हाला सांभाळायला कलकत्त्याला, बालीगंजच्या आमच्या घरी आले. सोबत एक ट्रंक, डब्यात लावलेलं आपट्याचं रोप आणि बिजली नावाची म्हातारी घोडी! (नाव बिजली, चाल बैलगाडीची.) माणसं, घोडी आणि झाडं, तिन्हींवर त्यांचा सारखाच जीव. सकाळी आईला विचारायचे, "बरी आहेस ना?" मग झाडाला, मग घोडीला. उत्तराची वाट तिघांकडूनही पाहायचे.

रोपाचं झाड झालं. लहान पोरांच्या हाताला पानं लागावीत म्हणून काका ते मुद्दाम छाटून बुटकं ठेवायचे. कलकत्त्यात कांचन हवा तेवढा, पण खरा आपटा आमच्याकडेच. त्यामुळे दसऱ्याला ओळखीतली झाडून सगळी मराठी मंडळी सोनं लुटायला आमच्या अंगणात जमायची.

त्या वर्षी डमडमचे करंदीकरही सहकुटुंब येणार होते. त्यांची सुशीला मला पसंत होती, नुसती पसंत नाही, झोप उडाली होती! होकार अडला होता तो करंदीकरांचा. "दसऱ्याला सोनं घ्यायला येतो, तेव्हाच काय ते सांगतो," असा त्यांचा निरोप होता.

दसऱ्याला काकांनी बिजलीची पूजा केली. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. मग मला म्हणाले, "बाळ, हिला जरा बांध." माझं अर्धं लक्ष फाटकाकडे आणि अर्धं भांगाकडे. हाताशी आलेल्या खोडाला दोर गुंडाळला आणि मी आरशाकडे धावलो.

नवा कोट चढवून बाहेर आलो तर आपटा उघडाबोडका! नुसत्या काड्या! शेवटचं पान बिजलीच्या ओठातून आत जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"आई! सोनं खाल्लं!"

"कोणी?"

"बिजलीनं! सगळं!"

आई मटकन खालीच बसली. "अरे, करंदीकरांच्या हातावर आता ठेवू काय? पळ, शेजारून कांचनाची पानं आण! कोण ओळखतंय!"

"मी ओळखतो," मागून काका म्हणाले. पण झाडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बिजलीच्या पोटाला कान लावला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आतून आवाजच नाही! शूळ उठणार. हिला बसू देऊ नका, बसली की संपली! चालवा!"

नेमके तेव्हाच करंदीकर फाटकात. रेशमी उपरणं, मागे पत्नी, तिच्यामागे सुशीला.

"नमस्कार, आम्ही..."

"नमस्कार नंतर!" काका कडाडले. "पलीकडून धरा!"

मला वाटलं, संपलं! पण करंदीकरांनी मुकाट्यानं लगाम धरला. (पुढं कळलं, त्यांनाही आपण का धरला ते कळलं नव्हतं.) एका बाजूला काका, दुसरीकडे भावी सासरे, आणि मागून ढकलायला मी! अशी वरात रस्त्यावर आली. सुशीला बाजूनं चालत होती. समोरच्या गच्चीवरून घोषबाबू बंगालीत ओरडले, "आरे, ए की काण्डो!" म्हणजे, हा काय तमाशा!

कोपऱ्यावर देवीच्या विसर्जनाची मिरवणूक आडवी आली. कुंकू लावलेली, माळ घातलेली घोडी बघून लोकांनी वाट करून दिली, हात जोडले, आणि काही कळायच्या आत आम्ही मिरवणुकीत! बिजली पाय ओढू लागली. तिच्या गळ्याला मिठी मारून काका भर रस्त्यात रडत होते. "बिजले, माझे आई, असं नको गं करू!" त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. लग्न गेलं खड्ड्यात, घोडी वाचू दे, असं मी त्या देवीला मनापासून सांगितलं.

देवीनं ऐकलं, पण फारच लगेच ऐकलं. मिरवणुकीतल्या एका ढाकवाल्यानं बिजलीच्या कानाशी आपल्या ढाकावर, म्हणजे त्या भल्यामोठ्या ढोलावर, जोरात टिपरी हाणली. ती दचकली, तिनं शेपटी वर केली. मागे मी होतो.

"लीद!" काका आनंदानं किंचाळले आणि त्यांनी करंदीकरांना कडकडून मिठी मारली. "सुटली! वाचली!"

मी नव्या कोटासकट जागच्या जागी थिजलो. करंदीकर डोळे पुसत म्हणाले, "आप्पासाहेब, मुक्या जनावराला एवढा जीव लावणारं घर! माझी मुलगी दिली तुम्हाला." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बघण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

आता काका नाहीत, बिजली नाही. आपटा आहे. दर दसऱ्याला सुशीला पहिलं पान काकांच्या तसबिरीपुढे ठेवते, दुसरं बिजलीच्या नालेवर. मी आशेनं हात पुढे करतो.

"आणि मला?"

"तुम्हाला?" ती म्हणते, "तुम्हाला त्याच दिवशी सगळ्या झाडाचं मिळालंय की!"