चिंधाचा उजवा कान

सुरतजवळच्या उधन्याच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, वीस वर्षं खडखडता लूम चालवून चिंधाचा डावा कान गेला तो गेलाच. उरलेला उजवा वाचवायचा म्हणून तो रेडिओ-टेपची दुरुस्ती शिकला, खात्याचे मालक ठाकोरशेठ यांच्या मागं लागला आणि अठ्ठ्याण्णव साली जिना चढून वरच्या काचेच्या खोलीत बसला. तिथं आवाज कमी. काम एकच, शेठचा लॅपटॉप सांभाळायचा. त्यात साड्यांची डिझाईनं. शेठचा भाचा अमेरिकेला जाता जाता त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून, ते चालवायच्या हुकुमांची एक वही ठेवून गेलेला. दहावी नापास चिंधानं ती वही तोंडपाठ केली.

पण मशीनला खोड होती. झाकण मिटलं की झोपायचं, आणि उघडलं की पडदा काळाठिक्कर. दोनदा व्यापाऱ्यासमोर शेठची शोभा झाली.

"चिंधाभाई, गुरुवारी हा मुंबईला न्यायचाय. तोवर नाही उठला तर वडोदऱ्याचा माणूस आणीश. तू पाछो नीचे, लूमवर."

चिंधानं काय नाही केलं! मशीन चालू होताना पांढरी अक्षरं ओकायचं, ती ओळ न् ओळ उतरवली. सेटिंगं उलटीपालटी केली. लिनक्सचा गाभा, कर्नल, नव्यानं बांधला. एकेका बांधणीत अर्धा दिवस जायचा. काळं ते काळंच.

एका दुपारी त्यानं काळ्या पडद्यावरच आंधळेपणानं हुकूम टाइप केला आणि उजवा कान टेकवला. आत डिस्क कटकट बोलली.

घरी बायकोला म्हणाला, "जागं शे वं शोभा ते. फक्त डोया उघडत नही."

"तुम्हनासारखंच शे मंग," शोभाबाई भाकर थापता थापता बोलली. "जागं ऱ्हाईसन उपेग काही नही."

खोड चित्रं दाखवणाऱ्या भागात निघाली. उपाय सापडला: आधी तीन बटणं दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर यायचं, मगच झाकण लावायचं. दहादा झोपवलं, दहादा उठलं.

गुरुवारी शेठ वर आला. चिंधानं डिझाईन उघडून दाखवलं. तेवढ्यात खालून कुणीतरी दार ढकललं अन् सुताची धूळ भसकन वर आली. धूळ दिसली की खात्यातल्या माणसाचा हात धन्याला विचारत नाही. मडकं असो, डबा असो, तंबाखूची डबी असो, पहिलं झाकायचं. चिंधाच्या हातानं तेच केलं. खट्. तीन बटणं राहून गेली.

उघडलं तर काळं.

"जागं आहे शेठ! कान लावा, ऐका." त्यानं हुकूम मारला. डिस्क कटकटली.

शेठ जागचा हलला नाही. "आवाजने शुं करुं? मला साडी दाखवायचीय, वाजवायची नाही."

"आधी तीन बटणं दाबली की..."

"दर वेळेला कोण याद राखे? तू खुद भूली गयो ने."



सोमवारी तो खाली लूमवर उभा राहिला. शोभाबाईनं कानासाठी कापसाचा बोळा दिला होता. मुकादमाची हाक ऐकू येईना म्हणून तो दुसऱ्याच दिवशी काढावा लागला.

होळीपर्यंत शोभाबाई त्याला दोन-दोन हाका मारायची. पुढं तिनं हाका मारणं सोडलं. जेवायला वाढलं की जाऊन खांदा हलवायची.