कावीळ, कविता आणि तिसरी सीट

आमच्या रोइंग टीममध्ये किस्से साचायला वेळ लागत नाही. चौघी एकीमागे एक बसायचं, पाठ पुढे, तोंड मागे. कुठं चाललोय ते फक्त हाका देणाऱ्या कॉक्सला दिसतं! त्यात मला कावीळ झाली, मग काय विचारता.

*

धरणाचं पाणी सुटलं की कुंभकोणमला आमची प्रॅक्टिस कावेरीवर. युनिव्हर्सिटीच्या मॅचेस तोंडावर आल्या होत्या. आमच्या कोच सरांनी एकदा माझ्याकडे रोखून बघितलं.

"डोळ्यांत हळद घातलीस काय?"

झालं! डॉक्टरांनी झोपवलं, अम्मानं रोज ताकातून भुईआवळा पाजला, आणि माझी तिसरी सीट गेली तिरुप्पनंदाळच्या कविताकडे. कावीळ एकवेळ सोसली, पण ही बातमी सोसेना. उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडले मी.

*

डॉक्टरांनी "हळूहळू करा" म्हटल्यावर सरांनी मला रोइंग मशीनवर बसवलं. अम्मा ताकभाताचा डबा घेऊन शेजारी ठाण मांडून बसली. मला जरा धाप लागली की तिचं आमच्या घरच्या मराठीत "पुरे!", सरांचं तमिळमध्ये "अजून!"

शेवटी तीही तमिळवर आली.

"सर, बोट तुमची. पोरगी माझी!"

सरांनी मशीन थांबवलं. वर तिनं त्यांनाच ताकभात वाढला.

*

आमची कॉक्स धनम. दिसायला एवढीशी, पण आवाज पैलतीरी जातो. मी पहिल्यांदा पाण्यात परतले त्या दिवशी ती ओरडली, "शेवटचे दहा फटके!" होतं नव्हतं तेवढं सगळं लावलं. लगेच पुन्हा, "शेवटचे दहा!" मग आणखी एकदा! माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"खोटारडे!" काठावर मी तिच्या अंगावर धावून गेले.

"अय्यो, खरं सांगितलं असतं तर वल्हं टाकून दिलं असतंस की!"

*

प्रॅक्टिसनंतर सगळ्या कॉफी-वडा घ्यायच्या. मला तेलकट बंद. एकदा मी हळूच वडा उचलला, तर कवितानं तो हातातून हिसकावून स्वतःच्या तोंडात कोंबला.

"परत आजारी पडलीस तर सीट मला फुकट मिळेल," ती म्हणाली. "फुकटची नकोय मला."

असा राग आला! वडा गेला तो गेलाच, वर हे ऐकायचं.

*

मग सरांनी सीट रेस लावली. दोन बोटी. एकीत मी आणि माझ्या जुन्या तिघी, दुसरीत कविता आणि राखीव मुली. पहिल्या फेरीत कविता थोडक्यात जिंकली. मग आम्हा दोघींची अदलाबदल: मी राखीव मुलींत, कविता माझ्या तिघींत. बाकीच्या जागच्या जागी. दोन्ही फेऱ्यांत मिळून जी जास्त फरकानं जिंकेल, तिची सीट.

आमची बोट सुटली ती सुटलीच! त्यांची मागे पडली, म्हणजे मला समोर दिसत होती. चार पाठी. कविताची पार वाकून उठत होती, बाकीच्या तीन अगदी आरामात.

मोठ्या फरकानं जिंकलो. काठावर कविता चिखलातच आडवी झाली, ओकारी आली तिला. माझ्या जुन्या तिघींना साधी धापही नव्हती. धावत येऊन त्यांनी मला मिठ्या मारल्या.

"सीट तुझी," सर म्हणाले. त्या तिघींकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

मी बघितलं. माझ्यासाठीच त्यांनी वल्ही सैल सोडली होती. सीट हवी होती हो मला, जीव तुटत होता तिच्यासाठी!

"सर," मी म्हटलं, "ही फेरी परत लावा."

कवितानं चिखलातून मान उचलली.

"आधी पाणी तरी पिऊ दे गं!"