मेधाताईची चावडी आणि कोपरचा बांध

साल दोन हजार पंचवीस, मला पंचाहत्तरावं चालू होतं. ओट्यावर चहा पीत बसलेलो, तर समोरच्या बिल्डिंगमधले सुहासराव जिना उतरून थेट माझ्याकडे आले. पायात चप्पल नव्हती. "काका, मेधा गेली," एवढंच म्हणाले... आणि मला आधी काय आठवलं, तर आठ दिवसांपूर्वी त्यांच्याच घरातून मी रागाने उठून आलेलो. तेच आमचं शेवटचं बोलणं. आता महिना होत आला. शाळा माझी तिसरीपर्यंत, तेव्हा चुका छापणाऱ्यांनी सुधाराव्यात, शब्द मात्र माझेच ठेवावेत.

मेधा सुहासरावांची बायको, ठाण्याला विम्याच्या हापिसात होती. वयाने लेकीसारखी, मी ताई म्हणायचो आणि बोलायचो अरे-तुरेत. ओळख भांडणातून झाली. आमच्या उंबराच्या तळ्याला कुणीतरी मोबाइलच्या नकाशात बिल्डरच्या कॉम्प्लेक्सचं नाव दिलेलं. मी नाक्यावर ओरडत होतो, कुणाच्या बापाने लिहिलं हे! ही मागून म्हणाली, "मीच लिहिलं काका. चुकलं असेल तर बदलू. हा नकाशा कुणाच्या मालकीचा नाही, तुमचा पण आहे." त्याच संध्याकाळी तिने नाव बदललं आणि खाली लिहिलं, पाटीलकाकांनी सांगितलं. सात-बारावर नाव चढल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

तिने समजावलेलं ते असं. देशभरची माणसं पगार न घेता हा नकाशा करतात. कुणी आतली यंत्रणा लिहितो, कुणी चुका तपासतो, कुणी मराठी करतो. सगळ्यांचं बोलणं एका उघड्या ग्रुपवर, त्याला ते चावडी म्हणतात. प्रश्न चावडीवर, उत्तरही चावडीवर, कानात कुजबुज नाही. आणि हिचं काम काय, तर नवा माणूस पहिल्यांदा काही विचारील त्याला दिवस मावळायच्या आत उत्तर द्यायचं. मी हसलेलो. "म्हणजे दारात उभं राहून अत्तर लावायचं काम!" ती म्हणाली, "तेच काका. कुणी बोललंच नाही तर नवा माणूस परत येत नाही." प्रत्येकाला तिची पहिली ओळ ठरलेली, तुम्ही आलात, बरं झालं. हापिसातून दमून आली तरी आधी ती ओळ, मग चहा.

चार वर्षं मी तिला नावं सांगितली. वाटा, विहिरी, खारजमिनीचे तुकडे, सगळं फोनवर नाहीतर तिच्या गॅलरीत बसून. तिने माझ्या मोबाइलमध्ये माझ्या नावाने चावडी उघडून दिलेली, पण मी तिथे एक अक्षर लिहिलं नाही. शिकलेली माणसं ती, माझं वाचून हसतील... हे तिला कधी बोललो नाही. "मी तुला सांगतो ना, बस झालं," एवढंच म्हणायचो.

शेवटच्या भेटीत ती गॅलरीत खुर्चीत होती, पाय सुजलेले, आवाज खोल गेलेला. मी सांगितलं, आपल्या कोपरच्या खाडीच्या बांधावरून नकाशात पायवाट दिसते ती काढ. बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, फुटली आहे. पुनव-अवसेच्या उधाणाला बांध सकाळी कोरडा दिसतो आणि दुपारी परत यायला वाट नसते.

"काका, मला कॉम्प्युटरसमोर बसवत नाही हो आता. तुम्हीच लिहा ना, दोन ओळी."

"तुला सांगितलं, माझं काम झालं."

"मला सांगितलं म्हणजे फक्त मला कळलं, काका."

"मी काय तुमच्या चावडीचा नोकर आहे?" असं बोलून मी उठलो. ती हाक मारत होती. मी मागे बघितलं नाही.

तेराव्याला सुहासरावांनी तिचा कॉम्प्युटर उघडून दाखवला. चावडीवर कुठकुठल्या लोकांनी तिच्याबद्दल लिहिलेलं. मधेच एका नव्या मास्तरणीची ओळ. रविवारी शाळेतल्या मुलांना कोपरच्या बांधावरून पक्षी दाखवायला नेते आहे, वाट चालू आहे का? चार दिवस झालेले. एकाचंही उत्तर नाही. नव्या माणसाशी मेधाताई बोलते, ही सवय सगळ्यांना. ती नाही हे माहीत असूनही कुणी पुढे झालं नव्हतं. तो शुक्रवार होता. रविवारी पुनव.

"तुम्ही लिहा," मी सुहासरावांना म्हटलं.

"मला बांधातलं काय कळतं काका? आता ते तुम्हालाच ठाऊक."

मी घरी आलो. जेवण गेलं नाही. बांधावरची पोरं डोळ्यासमोरून हलेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसला, ओट्यावर बसलो आणि एका बोटाने चावडीवर लिहिलं. चहा निवून गेला. "बाई, तुम्ही आलात, बरं झालं. मी कोपरचा पाटील. रविवारी उधाण आहे, दुपारी बांध बुडतो. पोरांना नेऊ नका. उधाण उतरल्यावर या, मी स्वतः दाखवतो."